रिंगणातले विष्णुपंत

बँकेच्या नोकरीत माणसाला कशाकशाची किंमत ठरवावी लागेल याचा नेम नसतो. मी शिवणयंत्रांची ठरवली, पिठाच्या गिरण्यांची ठरवली, एकदा एका बँडपथकाच्या पितळी वाद्यांची ठरवली, आणि १९८६ साली एका घोड्याची. घोडा टांग्याचा होता. सरकारी योजनेतून टांगा-घोड्यासाठी आमच्या शाखेने कर्ज दिले होते. सुरुवातीचे हप्ते नीट आले, मग गावात ऑटोरिक्षा वाढल्या, इतवारी स्टेशनच्या सवाऱ्या तुटल्या आणि हप्ते थांबले. तारण काय, तर घोडाच. तो ताब्यात घ्यायला मी, आमचा शिपाई आणि रोजाने आणलेला एक धट्टाकट्टा गडी असे तिघे जुन्या शहरातल्या एका गल्लीत जाऊन उभे राहिलो.

घोडा शांत होता. गड्याने दोर सोडला आणि ओढला. घोड्याने मान वर केली, चारही पाय रोवले आणि तो जागचा हलला नाही. मग मागून ढकलून झाले, चुचकारून झाले, छडी उगारून झाली. गल्लीतली पोरे जमली, हसू लागली. टांगेवाला, ज्याला सारे चाचा म्हणत, ओट्यावर बसून हा तमाशा पाहत होता. पंधरा-वीस मिनिटांनी तो उठला. त्याने घोड्याच्या तोंडावरची म्होरकी काढून गड्याच्या हातात दिली, घोड्याच्या मानेवर एकदा हात ठेवला आणि मागे न पाहता चालू लागला. घोडा त्याच्यामागून चालू लागला. दोर नाही, लगाम नाही. असे ते दोघे आमच्या शाखेच्या आवारापर्यंत आले आणि आम्ही तिघे त्यांच्यामागून, वरातीमागून घोडे म्हणतात तसे, फक्त इथे उलटे.

त्या दिवशी मी काय पाहिले हे मला कळायला बरीच वर्षे लागली. कळले तेही घोड्यांमुळे नव्हे, गाण्यामुळे. एका कादंबरीसाठी मी ग्वाल्हेर घराण्याबद्दल वाचत होतो आणि त्यात विष्णुपंत छत्रे पुन्हा पुन्हा भेटू लागले. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन गेलेले हेच ते. सर्कसवाल्याचे नाव ख्याल गायकीच्या इतिहासात इतक्या वेळा का यावे, हा साधा प्रश्न होता. त्याच्या मागे गेलो तेव्हा तो घोडा मला परत आठवला.

विष्णू मोरेश्वर छत्रे यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा, कृष्णाकाठच्या अंकलखोपचा. आजच्या सांगली जिल्ह्यातले हे गाव. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या वाटेवरचे. तो सगळा मुलूख पटवर्धनांच्या संस्थानांचा. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी. हाताच्या अंतरावर एकेक राजवाडा आणि प्रत्येक राजवाड्याला एक पागा. या पोराला दोन वेडे होती. एक गाण्याचे, दुसरे घोड्यांचे. पैकी पहिल्याला घरी फारशी किंमत मिळण्याचा तो काळ नव्हता आणि दुसऱ्याला किंमत होती, पण ती उतरणीला लागली होती.

ही उतरण आपण नागपूरकरांनी नीट समजून घ्यावी, कारण ती आपल्या दारात घडली आहे. १७४० च्या दशकात पहिल्या रघूजी भोसल्यांचे घोडदळ बंगालपर्यंत धडकले आणि तिकडे बर्गी हा शब्द कायमचा भीतीचा झाला. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. त्यानंतर जेमतेम शंभर वर्षांनी, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले आणि भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल गेले. आज आपण बर्डीवर साड्या घ्यायला जातो तिथे कुठेतरी हा बाजार भरला असेल. लिलावाच्या नोंदी जनावरांच्या असतात. जनावरांबरोबर निरुपयोगी झालेल्या माणसांच्या, म्हणजे चाबुकस्वार, मोतद्दार, नालबंद, शालिहोत्री यांच्या नोंदी कोणी ठेवत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची एक विद्या त्या दिवसांत गावोगाव बेकार झाली. विष्णू छत्रे तेव्हा बारा-चौदा वर्षांचा होता.

गाण्यासाठी तो ग्वाल्हेरला गेला. त्या काळी दक्षिणेतल्या गाणाऱ्या पोरांना ग्वाल्हेर म्हणजे काशी. जयाजीराव शिंद्यांच्या दरबारात हद्दू खाँ होते आणि त्यांचा ख्याल ऐकायला मिळणे हेच मोठे भाग्य. इचलकरंजीकर म्हणून पुढे नावारूपाला आलेले बाळकृष्णबुवाही ग्वाल्हेरचीच विद्या घेऊन दक्षिणेत उतरले. बुवांनी तिच्यापायी आयुष्य वेचले आणि महाराष्ट्रभर शिष्य तयार केले. विष्णुपंतांचे पाऊल मात्र तालमीच्या खोलीत एक आणि तबेल्यात एक असे राहिले. हद्दू खाँकडे गाणे आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या, असे दोन गुरू त्यांनी एकाच गावात केले. आपटे घोडे शिकवण्यातले नाणावलेले जाणकार.

घोडे शिकवणे म्हणजे काय, हे आज मोटारीच्या पिढीला थोडे सांगायला हवे. आपला समज असा की घोड्याला काबूत आणायचे, त्याची मस्ती जिरवायची, मग तो ऐकतो. तसे करणारे पुष्कळ होते आणि आहेत. काटेरी लगाम, उपास, पायांना दोर, चाबूक. अशाने घोडा ऐकतो, पण तो भीतीने ऐकतो, आणि भ्यायलेला घोडा हा जगातला सर्वांत बेभरवशाचा नोकर. कारण घोडा मुळात पळणारा प्राणी आहे. लढणे हा त्याचा शेवटचा उपाय, पळणे हा पहिला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळे रिंगण दिसते. फक्त कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. आम्ही त्या गल्लीत एकाने तोंडासमोरून ओढले आणि दुसऱ्याने शेपटीमागून ढकलले. म्हणजे त्याला जिथे काहीच दिसत नाही नेमक्या त्या दोन ठिकाणी उभे राहून आम्ही त्याच्याकडून विश्वासाची अपेक्षा करत होतो. बँकेच्या वसुलीची रीत एकूण अशीच असते, पण तो वेगळा विषय.

जुन्या चाबुकस्वारांची पद्धत कावा देण्याची. गनिमी कावा या शब्दाने आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे. घोड्याच्या संदर्भात कावा म्हणजे लांब दोरावर घोड्याला गोल फिरवणे. मधोमध माणूस, भोवती घोडा. माणूस घोड्याच्या खांद्याच्या पुढे सरकला की घोडा थबकतो, मांडीच्या मागे सरकला की पुढे जातो. हातातला चाबूक मारण्यासाठी नसतोच, तो लांब केलेला हात असतो. सारी मेख आहे ती सोडण्यात. घोड्याने मागितलेले थोडेसे जरी दिले, अर्धे पाऊल जरी टाकले, तरी त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे, हात खाली आला पाहिजे, शिकवणाऱ्याच्या खांद्यातला ताणसुद्धा गेला पाहिजे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. क्षणभर उशीर झाला तर तो चुकीची गोष्ट शिकतो. मग एक दिवस त्याचा एक कान, आतल्या बाजूचा, माणसाकडे वळून तिथेच राहतो. तो ओठ चाटू लागतो, मान खाली सोडतो. आता दोर काढला तरी तो पळून जात नाही. उलट माणूस रिंगणातून चालू लागला तर मागे येतो.

या विद्येला अमेरिकेत १९८० च्या दशकात नॅचरल हॉर्समनशिप असे नाव मिळाले. टॉम डोरन्स, रे हंट अशा पशुपालक मंडळींनी तिचा प्रसार केला आणि पुढे तिची शिबिरे भरू लागली. पण तिथेही ती नवी नव्हती. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामात घोड्याला समज नसते आणि सौंदर्यही नसते, असा त्याचा मथितार्थ. आपटे आणि छत्रे यांनी हे पुस्तक पाहिले असण्याचे कारण नाही. घोडा ग्वाल्हेरचा असो की अथेन्सचा, तो शिकवणाऱ्याला एकच पाठ देतो एवढाच याचा अर्थ.

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी राहिले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, नरसोबाच्या वाडीशेजारचे हे छोटे संस्थान. काम पागेचे आणि घोडे शिकवण्याचे. दसऱ्याला, पाहुणे आले की, दरबारापुढे घोड्यांची करामत दाखवायची. आयुष्य असेच गेले असते तर संस्थानी दप्तरात एक पगारपत्रक उरले असते.

ते तसे गेले नाही याला कारण एक इटालियन. ज्युसेप्पे कियारिनी हा रोमचा. घराणे सर्कशीचे, आणि तो स्वतः प्रथमतः घोडे शिकवणारा. त्याची रॉयल इटालियन सर्कस अमेरिका, जपान, चीन अशी जगभर हिंडत असे. १८८० च्या आसपास तिचे खेळ मुंबईला झाले. कुरुंदवाडचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन खेळाला गेले आणि बरोबर विष्णुपंत. पुढची हकीकत अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितली आहे. सगळ्यांत समान धागा असा की, हिंदुस्थानात अशी सर्कस नाही आणि इतक्यात व्हायची नाही असे कियारिनी बोलून गेला, आणि हे विष्णुपंतांना लागले. पैजेची रक्कम प्रत्येक सांगणाऱ्याबरोबर बदलते. मला त्या पैजेपेक्षा दुसऱ्या गोष्टीचे कुतूहल आहे. विष्णुपंतांनी त्या तंबूत काय पाहिले असेल?

लोक कदाचित झुल्यावरच्या कसरती पाहत असतील. विष्णुपंतांनी कावा पाहिला असणार. सर्कशीचे रिंगण म्हणजे दुसरे काय? आधुनिक सर्कस ज्याने सुरू केली तो लंडनचा फिलिप ॲस्ली घोडदळातला निवृत्त सार्जंट मेजर. १७६८ साली त्याने घोड्यावरच्या कसरती गोलात करायला सुरुवात केली, कारण गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला आत झुकून तोल सापडतो. गोलाचा व्यास घोड्याच्या सहज चौखूर धावेला बेतलेला, ४२ फूट. आजही सर्कशीचे रिंगण तेवढेच असते. म्हणजे जी गोष्ट आपली म्हणून कुरुंदवाडच्या मैदानात रोज चालली होती, तीच एक परदेशी माणूस मुंबईत तिकीट लावून दाखवत होता. पागेतून बेकार झालेल्या विद्येला उभे राहायला जागा होती. ती राजाच्या अंगणात नव्हती, तंबूत होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता तीच, फक्त तिचा उपयोग बदलायचा होता. किती कर्जदारांना हे सुचते? शंभरात एकाला नाही.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच द ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. राजाश्रय कुरुंदवाडचा, चालक विष्णुपंत, आणि खेळाचा कणा घोडे. त्यांच्या स्वतःच्या घोड्यावरच्या करामती हे मोठे आकर्षण होते. सर्कस उत्तरेत गेली, दक्षिणेत मद्रासपर्यंत उतरली, समुद्र ओलांडून सिलोन आणि आग्नेय आशियाकडे गेली. मलबारात तेल्लिचेरीला, १८८७-८८ च्या सुमारास, कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे बी तिथे पडले आणि तेल्लिचेरी हे भारतीय सर्कशीचे आगर झाले. इकडे कृष्णाकाठी देवल, कार्लेकर अशा सर्कशी निघाल्या. आमच्या लहानपणी कस्तुरचंद पार्कवर तंबू लागत तेव्हा आत उड्या मारणारी पोरे केरळची आणि बाहेरचा व्यवस्थापक मराठी का असतो, हे कोडे मला फार उशिरा सुटले.

त्या तंबूतली एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण समजलो उलटी. बँड वाजू लागला की पांढरे घोडे तालात पावले टाकत. आम्हा पोरांना वाटे, घोड्यांना ताल कळतो. खरी गोष्ट अशी की घोडा बँडमागे जात नाही, बँड घोड्यामागे जातो. बँडमास्तरची नजर घोड्याच्या पायांवर असते. घोड्याची दुडकी जराशी मंदावली की तो लय सोडतो, वाढली की उचलतो. प्रेक्षकांना वाटते, घोडा नाचतो आहे. चांगला तबलजी गवयाला असेच धरून असतो. गाणे आणि घोडा ही दोन्ही वेडे ज्याला होती त्याला हे वेगळे शिकावे लागले नसेल.

पाठीवर उभे राहून धावणाऱ्या स्वाराचे तर सगळेच घोड्यावर. पाय घसरू नये म्हणून घोड्याच्या पाठीवर राळ चोळतात, पण राळ घोड्याची लय सांभाळत नाही. दिव्यांचा उजेड, टाळ्यांचा कडकडाट, पलीकडच्या पिंजऱ्यातून येणारा वाघाचा वास. पळणे हाच ज्याचा धर्म त्या प्राण्याला या सगळ्यात एका लयीत गोल धावायचे असते. त्याने अर्धे पाऊल चुकवले तर वरच्याची मान मोडते. तिथे चाबकाच्या भीतीचा उपयोग नाही, कारण त्या क्षणी वाघाची भीती चाबकापेक्षा मोठी असते. भीतीवर मात करणारी एकच गोष्ट घोड्यापाशी असते: मध्ये उभा असलेला ओळखीचा माणूस.

मी विष्णुपंतांना संत करू इच्छीत नाही. सर्कस हा धंदा होता. रोज खेळ, रोज प्रवास, आगगाडीचे डबे, बोटींचे तळ. घोड्यांना त्यातले काय पसंत होते हे त्यांना कोणी विचारले नाही. सर्कशीतल्या जनावरांचे हाल पुढे इतके उघड झाले की १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे रिंगणातून बाहेर काढावी लागली, आणि ते योग्यच झाले. घोडा आपणहून मागे येतो असे म्हणताना, मागे येण्यावाचून त्याला दुसरे काय ठेवले होते, हेही विचारलेच पाहिजे. हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि विष्णुपंतांच्या चरित्रात तो टोकाला जातो तो घोड्याच्या नव्हे, एका माणसाच्या बाबतीत.

हद्दू खाँ १८७५ साली वारले. त्यांचा धाकटा मुलगा रहिमत खाँ बापाच्या तोडीचा गळा घेऊन आला होता. बाप गेला, मोठा भाऊ छोटे महंमद खाँही गेला आणि या मुलाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. अफूने उरलेले काम केले. गुरूचा हा मुलगा विष्णुपंतांना काशीत भेटला तो अशा अवस्थेत, की ग्वाल्हेरच्या दरबाराचा वारस कोणता आणि घाटावरचा भणंग कोणता हे ओळखू येऊ नये. विष्णुपंतांनी त्याला बरोबर घेतले. कुठे? तर सर्कशीत. पुढची सारी वर्षे तंबू, हत्ती, घोडे, कसरतपटू यांच्या लवाजम्याबरोबर हिंदुस्थानातला एक थोर गवई गावोगाव हिंडत राहिला.

जरा कल्पना करा. मनात येईल तेव्हा गाणारा, न येईल तेव्हा दिवसचे दिवस गप्प बसणारा, स्वतःच्याच जगात हरवलेला माणूस. त्याला मैफलीला बसवायचे कसे? दम देऊन गळा उघडत नाही. पैशाचे आमिष त्याला कळण्यापलीकडचे. विष्णुपंत स्वतः त्याच्या वडिलांकडे शिकलेले. त्याच्यासमोर तंबोरे लागले की त्या घरातला सूर त्याच्या कानी पडे, ओळखीचा माणूस समोर असे, आणि मग तो गाऊ लागे. गाऊ लागला की काय होई ते त्या काळच्या जाणत्यांनी भूगंधर्व या पदवीत सांगून ठेवले आहे. नेपाळच्या दरबारापर्यंत त्याचे गाणे गेले. त्याच्या गाण्याचा खोल ठसा अब्दुल करीम खाँसारख्या गवयावर उमटला आणि तिथून किराणा घराण्यात उतरला. काशीच्या घाटावर तो तसाच संपला असता तर आपल्या संगीतातला केवढा एक प्रवाह आटला असता!

सगळे जण याला गुरुऋण म्हणतात. असेलही. मला त्यात कावा दिसतो. दाब न देता थांबणे, मागितलेले थोडे मिळताच हात सैल सोडणे, रिंगणाच्या मधोमध रोज तोच माणूस उभा असणे. खोडी लागलेल्या घोड्याला हा माणूस ज्या रीतीने जवळ करी त्याच रीतीने त्याने भ्रमिष्ट गवयाला जवळ केले, असे मी म्हणालो तर गाण्यातली मंडळी रागावतील. पण यात खाँसाहेबांची अवहेलना नाही, घोड्याचा सन्मान आहे. आणि तरी तोच प्रश्न इथेही उभा आहे. मैफलींचा पैसा येत होता, सर्कशीचे नाव होत होते. रहिमत खाँना दुसरे घर नव्हते. जो आपणहून गातो त्याच्या गाण्यावर हक्क कोणाचा? मी हिशेबातला माणूस. जमेची बाजू आणि नावेची बाजू मी पुष्कळदा मांडून पाहिली. प्रत्येक वेळी एक रक्कम अशी उरते की ती कुठल्या खात्यात टाकावी हे कळत नाही. एवढे मात्र खरे, की ज्यांनी त्याला आधी ओळखले होते त्या दरबारांपैकी कोणी त्याला काशीहून उचलून आणले नव्हते.

विष्णुपंत १९०५ साली गेले. सर्कस त्यांचे बंधू काशीनाथपंत यांच्याकडे आली आणि तिच्याबरोबर रहिमत खाँही. त्यांनीही खाँसाहेबांना अखेरपर्यंत सांभाळले. १९२० च्या आसपास त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. तेव्हा ते साठीच्या घरात होते. तीन-तीन मिनिटांत ग्वाल्हेरचा ख्याल बसत नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या त्या भोंग्यासमोर त्यांना बसवताना कोणाला काय सायास पडले असतील ते पडले असतील. आवाज मात्र आजही ऐकता येतो. घासलेल्या तबकडीच्या खरखरीतून वर येणारा, वय झालेला, पण सुराला नेमका लागलेला. मी तो ऐकतो तेव्हा हा माणूस कोणासाठी गातो आहे असे मनात येते. त्याला गाता करणारा माणूस जाऊन पंधरा वर्षे झालेली होती. १९२२ साली रहिमत खाँ कुरुंदवाडला वारले.

आता त्या टांग्याच्या घोड्याचे राहिलेले सांगतो. तो आमच्या आवारात नऊ दिवस होता. चंदीचा खर्च मी कर्जखात्याला नावे टाकला. चाचा रोज सकाळी येई, खरारा करी, तोबरा बांधी आणि जाई. आम्ही त्याला नको म्हणालो नाही, कारण दुसऱ्या कोणाला तो घोडा जवळ येऊ देत नव्हता. दहाव्या दिवशी लिलाव झाला. लग्नाच्या वरातींना घोडे पुरवणाऱ्या एकाने घोडा घेतला, पण आवाराच्या फाटकातून तो त्याच्याकडूनही हलेना. शेवटी साऱ्यांनी चाचाकडे पाहिले. तो पुढे निघाला, घोडा मागे. त्या माणसाच्या तबेल्यापर्यंत पोचायला त्यांना तासभर लागला असेल. कागद हातात घेऊन मी सायकलवरून बरोबर होतो. चाचाने घोडा आत नेला, मानेवर हात ठेवला आणि परत फिरला. घोडाही वळला आणि त्याच्यामागे दारापर्यंत आला. त्याला अगाडी-पिछाडी बांधावी लागली. घोडा सुस्थितीत सुपूर्द, असे पावतीवर लिहून खाली मी सही केली.